पाणी तयार होईपर्यंत

“नऊ आहेत, मॅडम. आठ रंगीत, एक काळा. भाऊंनी सांगितले तसेच,” भावेश म्हणाला आणि थर्माकोलचा खोका त्याने सरळ माझ्या वजनकाट्यावर ठेवला.

“आधी तो खोका उचल. त्या काट्यावर माझे पेशंट उभे राहतात.”

“सॉरी सॉरी.” त्याने खोका उचलून टाकीशेजारच्या स्टुलावर ठेवला. “फक्त सोडायचेत. अर्ध्या तासाचं काम. पिशव्या पाण्यावर तरंगत ठेवायच्या, मग हळूच...”

“सोडायचे नाहीत.”

“म्हणजे?”

“म्हणजे सोडायचे नाहीत. मराठीतच बोलतेय ना मी?”

शुक्रवारची सकाळ, साडेसात. पहिल्या पाळीचे चार पेशंट खुर्च्यांवर. तिघांना सुया लावून मशीन सुरू झालेलं, चौथ्या खुर्चीवर गॉडफ्रेबाबा हात उघडा टाकून माझी वाट बघत बसलेले. आणि अशा वेळी हा गोखिवऱ्याचा मासेवाला नऊ मासे घेऊन माझ्या छाताडावर. माझं डोकं तापलं. एरवीही ते फारसं थंड नसतं, असं घरचे म्हणतात.

मी जागृती. वसईतल्या एका ट्रस्टच्या डायलिसिस सेंटरमध्ये टेक्निशियन आहे, सोळा वर्षं झाली. सगळे मला सिस्टर म्हणतात. मी सिस्टर नाही हे सांगून सांगून तोंड दुखलं, आता सोडून दिलं. काम सांगायला सोपं आहे. ज्यांची किडनी बंद पडलीय त्यांचं रक्त मशीनमधून फिरवायचं, धुवायचं आणि परत अंगात सोडायचं. एका वेळी चार तास, आठवड्यातून तीनदा, जन्मभर. ‘जन्मभर’ हा शब्द आम्ही पेशंटसमोर काढत नाही.

टाकी आली ती नरहरीभाऊंमुळे. त्यांच्या आई, यमुनाबाई, आमच्याकडेच दोन वर्षं येत होत्या. त्या गेल्यावर भाऊंनी त्यांच्या नावाने दोन नवी मशिनं दिली आणि सोबत ही ऐंशी लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी, पेशंटांना बघायला बरं वाटेल म्हणून. मॅनेजर म्हणाले, “पाण्यातलं जागृतीला कळतं.” आमचा पाणी शुद्ध करायचा आरओ प्लॅन्ट मी सांभाळते ना, तेवढ्यावरून टाकी माझ्या गळ्यात पडली.

काचेचं भांडं आणि त्यात मासे, एवढंच असेल असं मलाही वाटलं होतं. मग वाचत गेले, व्हिडिओ बघितले, आणि लक्षात आलं की हे तर आमचंच खातं आहे. मासा पाण्यातच खातो आणि पाण्यातच घाण करतो. त्या घाणीचा अमोनिया होतो, आणि अमोनिया म्हणजे माशाला विष. समुद्र मोठा, त्याला काही वाटत नाही. लहान टाकीत मात्र आधी दगडांवर एक प्रकारचे जंतू वाढवावे लागतात, ते हा अमोनिया खाऊन टाकतात. ते जंतू म्हणजे टाकीची किडनीच म्हणा. ती तयार व्हायला सहा आठवडे लागतात, कधी आठ. तोवर टाकीत एकही मासा सोडायचा नाही. नंतरसुद्धा एक सोडायचा, पंधरा दिवस थांबायचं, मग दुसरा. नवशिके मार खातात ते घाईने आणि गर्दीने.

आमच्याकडे प्रत्येकाला यातलं जास्त कळत होतं. “समुद्र दहा मिनिटांवर, आणि तुम्ही विकतचं मीठ कालवता?” हे मला झाडलोट करणाऱ्या मामांपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांनी ऐकवलं. किनाऱ्याच्या पाण्यात काय काय येऊन मिळतं ते आपल्या गटारांना विचारा, असं मी म्हणत असे. जंतूंना खायला हवं म्हणून मी टाकीत एक सोललेली कोळंबी टाकली आणि कुजू दिली. त्यावर तर गॉडफ्रेबाबांनी कपाळालाच हात लावला.

“कोलंबी कुजवतेस गो बाय? कालवन केलं असतंस तर वास तरी बरा आला असता.”

बाबा पाचूबंदरचे. वय एकाहत्तर, त्यातली पंचेचाळीस वर्षं होडीवर गेलेली. त्यांची खुर्ची टाकीच्या बरोबर समोर. आठ दिवस रिकामी टाकी बघून एकदा ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “लोक मासे पाळतात. आमच्या सिस्टरनं पानी पाळलंय.” सगळा हॉल हसला. मीही हसले. पण ते पाणी मी कशासाठी पाळलं होतं हे फक्त आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

त्याचं असं आहे. आमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस कधी ना कधी म्हणतो, सिस्टर, आता पुरे. एक दिवस इथे जातो, दुसरा दिवस घरी आडवं पडण्यात जातो, तिसऱ्या दिवशी परत इथे. पाणी मोजून प्यायचं, मीठ नाही, सुकी मासळी नाही. जगायचं कधी? डॉक्टर अशा वेळी समजावून सांगतात. मी भांडते. पोरीचं लग्न होईपर्यंत या, म्हणते. गणपती होईपर्यंत या. नातू चालायला लागेपर्यंत या. सोळा वर्षं माझा सगळा कारभार या ‘तोपर्यंत’वर चाललाय. एक ‘तोपर्यंत’ संपला की दुसरा शोधते.

गॉडफ्रेबाबांचा नाताळ मी वापरून झाला होता. पुतण्याचं लग्नही वापरून झालं होतं. जानेवारीअखेर त्यांनी सांगितलं, “सोमवारपासून येनार नाय.” त्यांची मुलगी जीना बाहेर बाकावर रडत बसली. त्याच दिवशी टाकी आली होती, भिंतीला टेकवून ठेवलेली. मी तिच्याकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, “यात मासा येईपर्यंत या.”

त्यांनी टाकीकडे पाहिलं. “किती दिस?”

“दीड-दोन महिने.”

“मासा येईतवर. त्याच्या पुढं एक दिस नाय. कबूल?”

“कबूल.”

“मी शब्द मोडत नाय. तू बी मोडू नको.”

तर भावेश तो खोका घेऊन उभा राहिला तेव्हा टाकीला बारा दिवस झाले होते. बारा! मी बाबांच्या हाताला सुया लावल्या, पट्ट्या मारल्या, मशीन सुरू केलं. बाबा खोक्याकडे बघत होते.

भावेश पॅसेजमध्ये जाऊन फोनवर बोलला, आणि वीस मिनिटांत नरहरीभाऊ स्वतः हजर. साठीचा माणूस, बापजाद्यांची केळीची वाडी, आता बांधकामाचा धंदा. आवाज कधी चढवणार नाहीत. मागे मॅनेजर उभे.

“जागृतीताई, भावेश म्हणतो तुम्ही अडवलंत.”

“पाणी तयार नाही, भाऊ. हे बघा.” मी टाकीतलं थोडं पाणी काचेच्या नळीत घेतलं, त्यात तपासणीच्या औषधाचे थेंब टाकले. “पाणी चांगलं असलं तर हे पिवळं राहतं.” बघता बघता नळी गडद हिरवी झाली. “हे विष आहे. यात नऊ मासे सोडणं म्हणजे नऊ मासे मारणं.”

“मी बॅक्टेरियाची बाटली टाकतो ना, भाऊ,” भावेश मध्ये पडला. “चोवीस तासांत सगळं सेट. फुल गॅरंटी.”

“तुझी गॅरंटी दुकानात लाव, अगरबत्ती ओवाळ तिला.”

“ताई,” भाऊ म्हणाले, “वास्तू बघणाऱ्यांनी नऊच सांगितलेत. काळा जो असतो तो जागेवरची पीडा आपल्या अंगावर घेतो. तुम्हाला हसू येईल. मलाही आधी यायचं. आईच्या वेळी लोकांनी मला काय काय करायला सांगितलं, मी एक केलं नाही. सगळं हसण्यावारी नेलं.” ते टाकीकडे वळले. “रविवारी मशिनांच्या उद्घाटनाला तिचा फोटो लागणार, आणि त्याच्यासमोर ही रिकामी टाकी? लोकांचं सोडा. मला बघवणार नाही.”

माणूस हट्टाला पेटला तर मी त्याच्याशी दिवसभर भांडेन. पण हा हट्ट नव्हता. आणि ती दोन मशिनं अजून खोक्यात होती, रविवारी सुरू व्हायची होती. अकरा माणसं त्यांची वाट बघत यादीत बसली होती. भाऊंच्या मागून मॅनेजर मला डोळ्यांनी विनवत होते.

“एकच सोडू या,” मी म्हटलं. “काळाच सोडा. बाकीचे नंतर एकेक करून.”

“नऊ,” भाऊ म्हणाले.

मी बाजूला झाले.

भावेशने पिशव्या तरंगत ठेवल्या, मग एकेक फोडून मासे सोडले. केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेले चार, गडद निळे चार, आणि एक मखमलीसारखा काळा, अंगावर पांढरे ठिपके. त्याने पडल्या पडल्या एका निळ्याला ढुशी दिली. खुर्च्यांवरचे पेशंट माना वळवून बघायला लागले. दोन नंबरवरच्या काकूंनी तर मोबाइल काढला. हॉलला इतकं बरं वाटलेलं मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं, आणि मला सगळ्यांच्या मुस्कटात द्यावीशी वाटत होती.

“मासा आला गो बाय,” बाबा म्हणाले. हळू आवाजात, जिंकल्यासारखं नव्हे.

“गप पडून राहा. बीपी वाढेल.”

साडेअकराला मशीन बंद करून मी त्यांना उठवलं. जीना रिक्षा घेऊन आली होती. मी नेहमीसारखं म्हटलं, “सोमवारी सात वाजता.” त्यांनी माझ्याकडे बघितलं, डोक्यावर टोपी चढवली आणि गेले.

आता पुढचं सांगायला जड जातं, पण सांगते. शनिवारी सकाळी दोन केशरी मासे तळाला आडवे होते. बाकीचे वर येऊन तोंड उघडत-मिटत होते. पाणी बदललं असतं तर ते वाचले असते. आरओ प्लॅन्ट माझ्या हातात, मीठ स्टोअरमध्ये. अर्धी टाकी पाणी कालवायला काय लागतं? मी कालवलं नाही. बघा म्हटलं आता तुमची गॅरंटी. ही एक गोष्ट झाली. दुसरी गोष्ट अशी की नऊच्या नऊ मेले तर ‘मासा आलाच नाही’ असं मला बाबांना सांगता येणार होतं. सहा आठवडे पुन्हा हातात येणार होते. मेलेले मासे जाळीने काढताना माझ्या मनात आलं, मरा एकदाचे. कुणाला ऐकू गेलं नाही, पण मी म्हटलं.

रविवारी कार्यक्रम झाला. यमुनाबाईंच्या फोटोला हार, दोन भाषणं, पेढे. टाकीत पाच मासे उरले होते. लोकांनी कौतुक केलं, कुणी मोजले नाहीत. भाऊंनी मोजले असावेत. ते टाकीपाशी बराच वेळ उभे होते, मग माझ्याकडे न बघता पायऱ्या उतरून गेले.

सोमवारी सात वाजले, सव्वासात झाले. तिन्ही खुर्च्या सुरू झाल्या. चौथ्या खुर्चीचं मशीन मी तयार करून ठेवलं होतं. दर दोन मिनिटांनी दाराकडे बघत होते. साडेसातला जीना एकटीच आत आली.

“सिस्टर, बाबा आलेत. पण बसायला नाही. तुम्हाला भेटून जातो म्हणाले.”

“कुठायत?”

ते तिच्या मागूनच आले. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, चर्चला जायचा. चेहरा सुजलेला, शुक्रवारनंतरचं पाणी सगळं अंगात. दम लागत होता. माझ्याकडे न येता ते टाकीपाशी गेले. टाकीत आता दोनच होते. काळा दगडाच्या कपारीत शिरून बसला होता. एक केशरी वरच्या कोपऱ्यात, अंग तिरकं, कल्ले फडफडत होते, तोंड पाण्याबाहेर.

बाबा वाकून बघत राहिले. मग म्हणाले, “बाकीचे?”

“मेले.”

“पानी बदललंस?”

मी चौथ्या मशीनचे आकडे बघायला लागले.

“बाय, पानी बदललंस का?”

“नाही.”

“का?”

“माझ्या हाताखाली चार चार माणसं असतात. मासे बघत बसू का मी?”

“शनिवारी? रविवारी?” त्यांनी मान वळवली. “तुला येतं सगळं. दोन आठवडे मला शिकवत होतीस, अमोनिया नि जंतू. नि त्यांना मरू दिलंस?”

जीना म्हणाली, “बाबा, जाऊ द्या ना, मासेच तर आहेत.”

“तू थांब गो.” ते माझ्याकडेच बघत होते. “जलमभर मी मासे मारले. हजारांनी मारले. पन त्याच्याच मुतात बुडवून नाय मारला कुनाला. तुला ठाव हाय त्याला कसं होतंय? मला ठाव हाय. आज तिसरा दिस. माझ्या तोंडाला तीच चव हाय. श्वास घेऊन घेऊन पुरत नाय. तू तरी असं नको गो करू.”

मला रडू आलं. सोळा वर्षांत हॉलमध्ये रडले नव्हते, त्या दिवशी रडले. आणि रडता रडता भांडलेही. “मला बोलू नका! तुम्ही तरी काय करताय? इस्त्रीचा शर्ट घालून निरोप घ्यायला आलात. त्याला श्वास पुरत नाही ते दिसतं, तुम्हाला पुरत नाही ते जीनाने नुसतं बघायचं? मी बघायचं? मासा आला म्हणे! हा आलेला मासा आहे? मरायला आणून टाकलेला मासा आहे हा!”

तोंडातून गेल्यावर जीभ चावली. पेशंटशी कुणी असं बोलतं? जीनाने तोंडावर ओढणी धरली होती.

बाबा टाकीला हात टेकून उभे राहिले. मग खुर्चीत जाऊन बसले आणि इस्त्रीची बाही कोपराच्या वर दुमडायला लागले.

“आमच्याकडं जाळ्यात दिसला त्याला मासा म्हनत नाय. होडीत पडला तो मासा,” ते म्हणाले. “तू त्याला धू. मी माझं धुऊन घेतो. पानी तयार होऊ दे, त्यात तो टिकू दे, मग आला म्हनू. पन मंग नवीन कायतरी काढू नको.”

“नाही काढणार.”

“आधी त्याचं बग.”

“आधी तुमचं,” मी म्हटलं आणि सुया लावल्या. त्यांचं मशीन सुरू करून मी बादल्या आणल्या. आरओचं पाणी, त्यात मीठ. खारटपणा मोजायच्या नळीत बघून बघून कालवलं. बाबा खुर्चीतून सांगत होते, एकदम ओतू नको, धार बारीक धर. मी म्हटलं, मला शिकवू नका. दुपारपर्यंत निम्मं पाणी बदललं.

केशरी बुधवारी गेला. काळा राहिला.

त्यानंतर रोज एक बादली. सकाळी आरओच्या पाण्याची क्लोरीन तपासायची, ते नेहमीचं काम, आणि लगेच टाकीची नळी. हिरवी, थोडी कमी हिरवी, परत हिरवी. सोम-बुध-शुक्र बाबा आत आल्या आल्या विचारत, “आज काय म्हनतंय?” मी नळी दाखवत असे. काळ्याने सगळी टाकी बळकावली होती. काच पुसायला हात घातला तर माझ्या बोटाला चावायचा. भावेश एकदा येऊन म्हणाला, “हा एक नंबर भांडखोर असतो, मॅडम, आता दुसरा कुठलाच टिकू देणार नाही. हा शेवटी सोडायचा असतो.” म्हटलं, हे तू आत्ता सांगतोस? बाबा मात्र खूश होते. “आमच्या बंदरातला दिसतो,” म्हणाले.

नरहरीभाऊही आले एकदा, एकटेच. “काळाच राहिला?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“उलटंच झालं,” ते म्हणाले. थोडा वेळ बाकावर बसले. जाताना म्हणाले, “चुकलं माझं, ताई.” माझंही चुकलं होतं. पण ते मी त्यांना सांगितलं नाही.

सातव्या आठवड्यातल्या बुधवारी मी नळी हलवली आणि ती पिवळीच राहिली. पाच मिनिटं थांबले. स्वच्छ पिवळी. दुसऱ्यांदा केली, तरी पिवळी. पाणी तयार झालं होतं. कुणाला सांगू असं झालं मला, आणि कुणालाही सांगायचं नव्हतं. मी नळी बेसिनमध्ये रिकामी केली, धुतली.

“आज काय म्हनतंय?”

“हिरवट आहे अजून,” मी म्हणाले.

बाबांनी मान हलवली.

शुक्रवारी म्हटलं, हिरवट. सोमवारी म्हटलं, जरा कमी झालंय, पण आहे. एकदा खोटं बोललं की पुढचं जड जात नाही. ते बघायला मागत नव्हते आणि मी दाखवत नव्हते. मशीनवर असताना त्यांना पेटके यायचे, पाय चोळून देताना दात आवळून पडून राहायचे. दोनदा बीपी इतकं खाली गेलं की डॉक्टर धावत आले. मी मनात म्हणायचे, अजून एक दिवस. अजून एक सोमवार. असे तीन आठवडे काढले मी.

मग एका शुक्रवारी मी त्यांना सुया लावत होते, दुसरी सुई नसेत सरकवून पट्टी मारत होते, तेव्हा ते माझ्या डोक्याकडे बघत म्हणाले, “बाय, पानी कधीच तयार झालंय. नाय?”

मी पट्टी मारत राहिले.

“तो तळाला जातो. दगडाला टेकून झोपतो. खराब पान्यातला मासा असा झोपत नाय.” ते हसले. “पंचेचाळीस वर्सं काय नुसती होडी वल्हवली मी?”

“कधीपासून कळलंय?”

“तू नळी दाखवायची बंद केलीस त्या दिसापासून.”

“मग येत का राहिलात?” मला राग आला, खरंच राग आला. “त्याच दिवशी सांगायचं ना. शब्द संपला होता तुमचा. मला वेड्यासारखं रोज खोटं बोलू दिलंत.”

“पान्याला तू सहा-सात आठवडे दिलेस,” बाबा म्हणाले. “तुला मी तीन दिले.”

मी मशीन सुरू केलं, आकडे बघितले, तीन नंबरच्या खुर्चीवर जाऊन उगाच ट्यूब तपासून आले. परत आले तेव्हा ते तसेच बघत होते.

“आता म्हन.”

“काय?”

“काय म्हनायचं ते. शब्द तू दिलेलास.”

“पाणी तयार आहे,” मी म्हणाले. “मासा आला, बाबा.”

त्यांनी डोळे मिटले. चारही तास त्यांना पेटका आला नाही. डॉक्टर येऊन खुर्चीशेजारी बसून बोलून गेले. डायलिसिस थांबवायच्या कागदावर जीनाने सही केली. तिचं आणि बाबांचं घरी आधीच बोलणं झालं होतं, मला सांगायचंच तेवढं राहिलं होतं. श्वास लागला तर औषध कुठलं द्यायचं, फोन कुणाला करायचा, सगळं मी तिला लिहून दिलं, दोनदा वाचून दाखवलं. माझं अक्षर मलाच लागेना.

अकरा वाजता मशीन थांबलं. रक्त परत अंगात गेलं. मी एक सुई काढली, मग दुसरी. सुई काढली की त्या जागी बोळा ठेवून दहा मिनिटं दाबून धरावं लागतं, नाहीतर रक्त उसळतं. जुने पेशंट दुसऱ्या हाताने स्वतःच दाबतात आणि आम्ही पुढच्या खुर्चीकडे वळतो. बाबांनी सवयीने हात पुढे केला. मी तो बाजूला सारला, स्टूल ओढून बसले आणि बोळा माझ्याच बोटांनी दाबून धरला. नस बोटांखाली थरथरत होती. टाकीत काळा दगडाशेजारी निवांत होता, बाबा त्याच्याकडे बघत होते. दारात दुसऱ्या पाळीचे लोक डबे घेऊन उभे राहिले. जीना खाली रिक्षा थांबवून आली.

“झालं असंल गो,” बाबा म्हणाले.

मी बोळा उचलून पाहिलं. रक्त थांबलं होतं, केव्हाच. बोळा परत ठेवला आणि दाबला.

“थोडं राहिलंय,” मी म्हणाले.

त्यांनी हात तसाच राहू दिला.